लेकीच्या लेझरच्या गावी

परत आल्याबरोबर आमच्या नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या बायकांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. तिकडे खायचं काय केलं, आणि पोरगी नेमकं काम काय करते? पहिल्याचं उत्तर मी फाटकातच देऊन टाकलं. दुसऱ्याचं द्यायला बसले तर चहा दोनदा झाला तरी संपेना. शेवटी शेजारच्या मंदाताई म्हणाल्या, "लिहूनच काढा नं एकदाचं. आम्ही दुपारी आरामशीर वाचू." तर हे त्यांच्यासाठी.

मी मेस चालवते. मेडिकलला शिकणारी बाहेरगावची पोरं आमच्याकडे जेवतात. आमची एकुलती एक लेक अश्विनी, घरात आशू. ती हंगेरी नावाच्या देशात, लेझरच्या एका मोठ्या केंद्रात संशोधन करते. गावाचं आणि केंद्राचं नाव लिहायचं नाही, असं तिनं बजावलंय. म्हणून लिहीत नाही, कुणी विचारूही नये.

मी गेले कशाला, तेही आधीच सांगते. आशूची शिष्यवृत्ती डिसेंबरात संपत होती. तिथला लेझर एकच, आणि तो वापरायला देशोदेशीचे लोक टपलेले. त्यामुळे रेशनच्या दुकानात लावतात तसा नंबर लावावा लागतो. तिच्या प्रयोगाचा शेवटचा नंबर ऐन नवरात्रात लागला होता. प्रयोग जमला तर तिथंच आणखी तीन वर्षांचं काम पक्कं. नाही जमला तर सामान बांधायचं आणि नागपूर गाठायचं. इथल्या एका कॉलेजात शिकवायची जागा निघणार होती. तिथं शब्द टाकून ठेवला होता, तोही मीच.

खोटं कशाला बोलू? मला ती परत यायला हवी होती. पण फोनवर तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. "आई, झोपच लागून नाही राहिली," असं ती म्हणाली. आमच्या ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच धंतोलीतल्या इस्पितळात झालं होतं, त्यांना येणं शक्य नव्हतं. तेच म्हणाले, "जाऊन ये वं तू. मेसचं मी पाहतो. पोट्टीले दोन घास खाऊ घाल, मंग काय व्हायचं ते होऊ दे." मी आयुष्यात एकटी रायपूरलाही गेले नव्हते. पासपोर्टवरच्या फोटोत मी घाबरलेली दिसते, ती खरंच घाबरलेलीच आहे.

प्रवासाचं पुराण सांगत नाही. फक्त दिल्लीच्या विमानतळावर माझी ठेच्याची बरणी काढून घेतली, तेवढी हळहळ अजून आहे. हातातल्या पिशवीत ठेवायला नको होती, हे मला आता सगळे शहाणे सांगतात.

मिरच्यांचं गाव

आशू स्टेशनवर घ्यायला आली होती. गळ्यात पडली तेव्हा हाताला तिची पाठीची हाडं लागली. मी नुसती पिशवी उचलली. बोलले असते तर तिथंच रडले असते.

गाव मोठं सुबक. मधून नदी, दोन्ही बाजूंनी उंच बांध, रस्त्यावर ट्राम. पण मला गाव आवडलं ते त्याच्या मिरच्यांमुळे. आशू ज्या घरात वरच्या मजल्यावर राहते, त्या घराच्या सगळ्या ओसरीला लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या! अवं माय, मला तर आपल्या मिरचीच्या भिवापुरात उतरल्यासारखं वाटलं. आशूचं गावही मिरचीसाठीच प्रसिद्ध आहे. भादवा-आश्विनात तोडणी होते आणि घरोघरी माळा चढतात.

घरमालकीण इलोना नेनी. नेनी म्हणजे तिकडची काकू, आपण ताई-काकू जोडतो तशी नावामागे जोडायची. सत्तरीची, बुटकी, डोक्याला रुमाल, आवाज खणखणीत. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. पण तिनं मला पाहिलं, आशूकडे बोट दाखवलं, दोन्ही गाल आत ओढून ही किती वाळलीय ते दाखवलं आणि कपाळाला हात लावला. मीही कपाळाला हात लावला. झाली ओळख.

पहिल्याच दिवशी मी फजिती करून घेतली. डाळीच्या पिठाचं झणझणीत पिठलं करायचं म्हणून दुकानातून तिखट आणलं आणि आपल्या अंदाजानं मूठभर टाकलं. रंग असा आला की सावजीवाल्यानं पाहत राहावं. चव घेतली तर गोड! तिकडे नुसतं रंगाचं, गोडसर तिखटही मिळतं आणि जाळणारंही मिळतं. मी पुडीवरचं चित्र पाहून घेतलं होतं. इलोना नेनीनं मात्र ते लालभडक गोड पिठलं पावासोबत दोनदा मागून खाल्लं. मग तिनं मला तिच्याकडची खसखशीची गुंडाळी खायला दिली, "एद्येल, एद्येल," म्हणत. म्हणजे खा, खा. खसखस आपण रश्श्यात चिमूटभर वाटून घालतो, ती ही माणसं वाटीवारी साखर घालून खातात. मी म्हटलं, आशू, हिला सांग, आमच्याकडे एवढ्या खसखशीत अख्ख्या गल्लीची भाजी होते.

त्या दिवशी आशू दोन पोळ्या जेवली. तिसरी अर्धी टाकली. तिला पानात टाकायची सवय कधीच नव्हती.

अष्टमी

दुसऱ्या दिवशी ती मला केंद्र दाखवायला घेऊन गेली. बाहेरून पाहाल तर एखादं मोठं, कोरं करकरीत इस्पितळ. दारात मला उभं करून तिनं उलटतपासणीच घेतली. "आई, पावडर लावली का? अत्तर? केसांत फूल? पदराला काही बांधून आणलं?"

"नाही वं बाई. चोर समजून राहिली का तू मले?"

"धुळीचा एक कण आरशावर बसला नं, तर लेझर त्या कणाले जाळते, आणि त्याच्यासंगं आरसाही जाते. मागच्या वर्षी तसंच झालं. नवा आरसा येईस्तोवर माहा नंबर निघून गेला." एवढं म्हणून ती घाईघाईनं पुढे चालू लागली.

चपलांवर पिशव्या घातल्या. चिकट कागदाच्या पायपुसण्यावर पाय दाबून पुढे गेलो. लेझर ठेवलेल्या खोलीत मला प्रवेश नव्हता. तो काचेपलीकडून दिसतो, आणि दिसतो म्हणजे काय, मोठमोठी बंद खोकी दिसतात. कुठल्याही पलंगाहून जड असं एक टेबल, त्याला हवेचे पाय, म्हणजे जमीन हलली तरी ते हलू नये. अलीकडच्या खोलीत पडद्यांसमोर बसून माणसं काम करतात. सगळे हळू बोलतात, दार हळू लावतात. आपल्या देवघरातसुद्धा इतकी शांतता नसते.

तिथं तिचे वरिष्ठ भेटले. गाबोर त्यांचं नाव. पांढरी दाढी, बाहीला कोपरावर ठिगळ. मला वाकून नमस्कार केला, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि पुन्हा पडद्याकडे वळले. बोलणं बेतास बात.

परत येताना ट्राममध्ये मी आशूला म्हटलं, "आता मले समजंल असं सांग. तू पाहतेस तरी काय?"

तिनं थोडा विचार केला. "आई, तू लांब रोटी टाकतेस नं, मडक्यावर? दोन्ही हातांवर ती फिरवतेस तेव्हा बाबांनी फोटो काढला होता. कसा आला होता?"

"पुसट. हात दिसलेच नाहीत."

"कारण तुहे हात पळून राहिले होते आणि कॅमेरा हळू होता. उजेड जेवढा थोडा वेळ पडंल, तेवढं पळणारं नीट दिसते. अंधारात वीज चमकली की फिरता पंखा कसा थांबल्यावाणी दिसते, तसं. अणूच्या आत इलेक्ट्रॉन असते. ते इतकं जोरात पळते, की त्याच्यापुढे डोळ्याची पापणी लवायलेही युगं लागतात म्हण. त्याले पाहायचं तर उजेडाची चमकही तेवढीच लहान पाहिजे. तशी चमक आम्ही इथं बनवतो. लेझरचा झोत हवेच्या फवाऱ्यावर मारतो, त्यातून ती निघते."

"आणि त्यात दिसते काय?"

"चमक पडली की इलेक्ट्रॉन अणूतून बाहेर निघते. आधी लोक म्हणत, ते लगेच निघते. पण तसं नाही. त्याले निघायले जरासा वेळ लागते. किती लागते, ते मी मोजून राहिली. एका चमकेनं त्याले काढायचं, मागून लेझरच्या झोतानं त्याची वेळ पकडायची. दोन्हींतलं अंतर थोडं थोडं बदलायचं आणि दर वेळी चित्राची एक ओळ घ्यायची. ओळी जोडल्या की पट्टे दिसतात. जमलं तर पट्टे नागमोडी. काही हललं, तर सगळा चिखल."

मी जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग तोंडातून निघूनच गेलं. "म्हणजे घरातून निघायले किती वेळ लागते, हेच नं? तुले तर मुळीच लागला नव्हता बाई. विमानतळावर मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही."

आमचा थांबा आला तेव्हा आशूनं हात धरून मला उतरवलं, एवढंच. मला वाटलं, जीभ चावून टाकावी. आईनं एवढं टाकून बोलायचं काय कारण होतं? पण बोलून चुकले होते.

संध्याकाळी इलोना नेनीच्या ओसरीत मी तिच्यासोबत मिरच्या ओवायला बसले. दाभणाएवढी सुई देठातून घालायची आणि ओढायची. मी जोरात ओवू लागले तशी नेनी मला थांबवायला लागली, हाताची आग होईल म्हणून. मी हसले. जिनं भिवापुरी मिरचीचा ठेचा पाट्यावर वाटलाय, तिला या मिरचीची काय भीती? आशू पायरीवर बसून दोघींना पाहत होती. किती दिवसांनी हसली ती.

खंडेनवमी

उठले तीच मनाशी ठरवून. आज खंडेनवमी. आमच्या मेसमध्ये हा दिवस दसऱ्याहून मोठा. शेगडी, पोळपाट, लाटणं, मिक्सर, ह्यांची स्कूटर, सगळं घासूनपुसून त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मेडिकलची पोरं आपापले स्टेथोस्कोप गळ्यात टांगून आणतात, "काकू, यालेही लावा." आदल्या दिवशीचा वरणभात नुसता फोडणीत तळून सगळे खातात, कारण त्या दिवशी पोळपाट-लाटण्याला सुट्टी. ज्याच्यावर आपलं पोट, त्याच्या पायाशी वर्षातून एकदा बसायचं. मला यात चूक काय ते आजवर कळलेलं नाही.

मी नेनीच्या स्वयंपाकघरात पाट मांडला. तिचा लाकडी पोळपाट ठेवला, खसखस दळायचं तिचं छोटं यंत्र ठेवलं, मिरच्यांची सुई ठेवली. अंगणात झेंडू होताच. नेनी तोंडाचा चंबू करून बघत होती, पण तिनं आपणहून कपाटातली शिंप्याची कात्री आणून पाटावर ठेवली. नवरा शिंपी होता तिचा, हे आशूनं मागून सांगितलं. कात्रीला कुंकू लावलं तेव्हा तिनं रुमालानं डोळे टिपले.

आशू तयार होऊन खाली आली. मी कुंकवाची डबी उघडली आणि म्हटलं, "आण, तुहा तो कॉम्प्युटर आण. आणि गळ्यातलं ते केंद्राचं कार्डही आण."

"ते झाक आई!"

अशी ओरडली की नेनीच्या हातातलं फूल पडलं. पोरीचा चेहरा पांढराफटक. मला आधी रागच आला. म्हटलं, "काहून वं? आईच्या कुंकवाची लाज वाटायले लागली का आता?"

ती मटकन खाली पाटाशेजारीच बसली आणि तेव्हा सगळं बाहेर आलं.

मागच्या नवमीला मीच तिला फोनवर म्हटलं होतं, "मशीनले दुरून का होईना, बोट लाव वं कुंकवाचं." त्याआधीच्या दिवाळीला पाठवलेल्या फराळाच्या डब्यातली कुंकवाची पुडी तिच्याकडे होती. एकटी होती, घरची आठवण येत होती. तिनं लेझरच्या खोक्याला, अगदी बाहेरच्या कोपऱ्यात, एक बोट टेकवलं. लगेच पुसूनही टाकलं. मग हातमोजे चढवून कामाला लागली. पण बाहीला लागलं होतं का, नखात राहिलं होतं का, काय माहीत? दुसऱ्या दिवशी खोकं उघडलं तर आतला आरसा जळलेला. धूळ कुठून आली ते शोधत सगळे सगळा हिवाळा बसले. हवा तपासली, छत तपासलं, पंप खोलले. आणि ही तोंडाला कुलूप लावून त्यांच्यासोबत शोधत राहिली.

"कुंकूच होतं का, हे मलेही पक्कं माहीत नाही आई. पण मले वाटते, तेच होतं. वर्षभर हेच डोक्यात फिरून राहिलं. डोळे मिटले की आरसाच दिसते."

माझ्या हातातली डबी मी बंद केली. रडले मी, तिथंच. पोरगी वर्षभर जेवली नाही, झोपली नाही, आणि कारण काय तर माझं एक वाक्य. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "सांगितलं काहून नाही मले?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"आणि साहेबांले?"

"त्यांना वाटलं असतं, ही कसली अडाणी. आणि आता तर कसं सांगू? मोजायले आज आणि उद्या, दोनच दिवस उरले."

मी डोळे पुसले. माझ्या बोलण्यात नेहमीचा ठसका परत आला. "आजच सांग. चोरट्या मनानं हत्याराले हात लावायचा नाही, हीच तर नवमी. तू नाही सांगितलं तर मी सांगते, मराठीत. मंग बसा समजून घेत."

तिच्यासोबत मी केंद्रात गेले. दोघींनी आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मी तर कपाळाची टिकलीसुद्धा काढून पर्समध्ये टाकली. गाबोर साहेब पडद्यासमोर होते. आशू इंग्रजीत बोलत होती. मला शब्द समजत होते ते थोडे, पण तिची मान खाली जाताना दिसत होती आणि त्यांचे हात मांडीवर थांबलेले दिसत होते.

मग त्यांनी काहीतरी विचारलं. आशूनं माझ्याकडे पाहिलं. "आई, ते विचारून राहिले, कुंकू कशाचं बनते?"

मी म्हटलं, "हळदीत चुना घालतात. पिवळी हळद लाल होते."

ते ऐकून त्यांनी मान हलवली, बोटानं मांडीवर टकटक केलं. मग जे बोलले ते आशूनं मला नंतर सांगितलं. "तेव्हाच सांगितलं असतंस, तर आमचा हिवाळा वाचला असता. मला राग आलाय. तो उद्यापर्यंत जाईल." एवढं बोलून ते उठून गेले. माझा जीव धास्तावला. म्हटलं, संपलं, पोरीचं होतं तेही गेलं. पाच-दहा मिनिटांनी परत आले तर हातात कॉफीचे तीन पेले. एक माझ्यापुढे ठेवला, एक आशूपुढे. "खोकं उघडण्याआधी हात पुन्हा एकदा धू," असं तिला म्हणाले आणि आपल्या खुर्चीवर बसले.

त्या दिवशी चित्र आलं नाही. दिवसभर ओळी जमवून शेवटी पडद्यावर नुसता चिखल. आता फक्त दसऱ्याचा दिवस उरला. घरी येऊन आशू माझ्या हातचा तळलेला भात ताट पुसून जेवली, आणि अंथरुणावर पडली तशी झोपली. ढाराढूर. मी तिच्या उशाशी बसून देवीला हात जोडले. काय मागितलं, ते मागितलंच.

दसरा

सकाळी ती मला न उठवताच निघून गेली. ओट्यावर चिठ्ठी नाही, निरोप नाही, फक्त दुधाचं भांडं झाकून ठेवलेलं. मी आणि नेनी पुन्हा मिरच्या ओवायला बसलो. माझं लक्ष फोनकडे. नेनी मधूनच माझ्या गुडघ्यावर थोपटायची. तिकडे वेळ कसा जातो हो? आपल्याकडे चार बायका येतात, कुकरची शिट्टी होते, दारावर भाजीवाला ओरडतो. तिथं नुसती मिरची, देठ, सुई.

दुपार कलायला लागली आणि फोन वाजला. पडद्यावर आशूचा चेहरा नाही, दुसराच पडदा. त्यावर निळे-पिवळे पट्टे, एकाखाली एक, आणि सगळे नागमोडी. स्वच्छ. नऊवारीच्या काठावर वेल काढावी तसे.

"आई, दिसून राहिलं का?"

"दिसते वं."

"थंड पाण्याची नळी टेबलाच्या पायाले टेकून होती. तेवढ्यानं हलत होतं. काल माह्या डोक्यातच आलं नाही. आज सकाळी आल्या आल्या दिसलं." तिचा आवाज चढत होता. "आई, इलेक्ट्रॉन थांबते. निघायच्या आधी थांबते. मोजता आलं आम्हाले!"

मागून गाबोर साहेबांचा आवाज आला, मोठ्यानं हसल्याचा. त्या शांत खोलीत कुणी हसतं हे मला ठाऊक नव्हतं. मी नेनीला फोन दाखवला. तिला काय समजलं देव जाणे, पण तिनं मला मिठी मारली, तिखटाच्या हातांनी, आणि दोघींच्याही डोळ्यांची आग झाली. रडायला निमित्तच झालं.

आता सोनं कुठून आणायचं? आपटा तिथं नाही. पण नदीकाठच्या बागेत एक झाड आहे, त्याची पानं मधे चिरलेली, आपट्याच्या बहिणीसारखी, आणि आश्विनात ती आपोआप पिवळी होतात. खरंखुरं सोनं. मी आणि आशू संध्याकाळी ओटीभर वेचून आलो. नेनीला दिलं, पाया पडलो. ती गोंधळली, मग आशूच्या डोक्यावर हात ठेवला. गाबोर साहेबांच्या घरी जाऊन त्यांनाही दिलं. त्यांनी ते पान चष्मा वर करून नीट पाहिलं आणि खिशात ठेवलं. खिशाला ते झेब म्हणतात, आपल्या हिंदीतल्या जेबसारखं. राग गेला का, हे मी विचारलं नाही.

परत येताना आम्ही बांधावर बसलो. आशू माझ्या खांद्याला टेकली.

"आई, काल देवीले काय मागितलं तू?"

मी विचार केला, खोटं बोलावं. पण दसऱ्याच्या दिवशी कुठं बोलायचं. "तू घरी यावं, हेच मागितलं. तुह्या प्रयोगाचं काही मागितलं नाही."

ती जराशी सरळ झाली. मला वाटलं आता चिडेल. पण ती म्हणाली, "मले माहीत होतं. म्हणूनच तर भीती वाटून राहिली होती. तू मागितलेलं देवी नेहमी देते."

"यावेळी नाही दिलं."

"रागावली का तिच्यावर?"

"तिच्यावर कायले रागावू? आईच आहे तेही. पोरीचं ऐकलं तिनं." माझा आवाज फुटला. "पण बाई, तीन वर्षं लय होतात वं."

तेव्हा आशूही रडली. म्हणाली, "विमानतळावर मी मागं वळून नाही पाहिलं नं, ते मुद्दाम. पाहिलं असतं तर गेलीच नसती." मी तिचे डोळे माझ्या पदरानं पुसले. पदराला तिखट होतं, त्यामुळे आणखीच वाहिले. दोघी मग वेड्यासारख्या हसत सुटलो. शेजारून कुत्रं फिरवत जाणारे एक आजोबा थांबून पाहू लागले.

नंदनवन

घरी आले तेव्हा मेसची पोरं जेवून गेली होती. तिकडून फोनवर आम्ही दोघींनी ह्यांना निकालाचं काही सांगितलं नव्हतं. हे खुर्चीवर बसले होते, काठी भिंतीला टेकवून. मी नेनीनं दिलेली मिरच्यांची माळ त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती मांडीवर घेतली, पण पाहिली नाही.

"पोट्टी कशी आहे?"

"जेवते आता. झोपते."

"कवा येऊन राहिली?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तीन वर्षांनी."

ते माळेतली एक एक मिरची बोटानं चाचपत राहिले. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. मग हे हळूच म्हणाले, "म्हणजे जमलं म्हणायचं."

"जमलं."

"मंग तू रडून काहून राहिली?"

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "तुम्ही आधी आपले डोळे पुसा."